विचार ताळेबंदात कुठे दिसतो? उसाच्या दराकडे बघा

प्रश्न असा आहे: "आजची व्यवसायाची समज आर्थिक आणि सामाजिक विचारांनी घडवली, असं व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकवतात. प्रत्यक्ष धंद्यात हे नेमकं कुठे दिसतं? आपल्याकडचं एखादं ठोस उदाहरण द्याल का?"

एखाद्या सहकारी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल मिळवा आणि ऊस खरेदीची ओळ शोधा. कुठल्या रकमेला खर्च म्हणायचं आणि कुठल्या रकमेला नफा, हे ठरवतानाच विचार धंद्यात शिरतो. ते या एका ओळीइतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसत नाही.

खासगी कारखान्याला ऊस हा कच्चा माल. तो जितका स्वस्त तितका भागधारकाचा नफा जास्त. सहकारी कारखान्यात ऊस घालणाराच मालक असतो, त्यामुळे उसाचा दर हेच त्या धंद्याचं फळ. यंत्रं तीच, साखर तीच, बाजार तोच. तरी एकाला दर कमी हवा आणि दुसऱ्याला जास्त, कारण धंदा कोणासाठी चालवायचा याचं उत्तर दोघांनी वेगळं दिलेलं आहे.

हे उत्तर आलं कुठून? १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी दुकान काढलं आणि नियम केले: एका सभासदाला एकच मत, भांडवलावर मर्यादित व्याज आणि उरलेला नफा प्रत्येकाने केलेल्या खरेदीच्या प्रमाणात परत. आपल्याकडे १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा. त्या काळी सरकारची समज अशी होती की शेतकऱ्याचं दुखणं कर्जात आहे. स्वस्त कर्ज दिलं की काम झालं. धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थतज्ज्ञ पुढे गेले. नुसतं कर्ज देऊन भागत नाही, पिकावरची प्रक्रियाही शेतकऱ्याच्या मालकीची हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले, वैकुंठभाई मेहतांचं पाठबळ मिळालं आणि १९५०-५१ च्या हंगामात नगर जिल्ह्यातला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. अर्थशास्त्राचा प्राध्यापक, म्हणजे गाडगीळ, त्याचा अध्यक्ष होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रॉचडेलचा नियम प्रवरेत उलटा करून बसवला. तिथे खरेदीच्या प्रमाणात नफा, इथे पुरवलेल्या टनांच्या प्रमाणात. भागावरच्या लाभांशाला राज्याच्या सहकार कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. म्हणून नफ्याला बाहेर पडायला मोठी वाट एकच उरते: उसाचा दर.

आता प्रत्यक्ष हिशेब. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये आहे. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३.४६ रुपये जास्त, घटला की तेवढेच कमी, पण ९.५ च्या खाली उतारा गेला तरी ३२९.०५ पेक्षा कमी देता येत नाही. समजा कारखान्याचा उतारा ११.५० आहे. फरक १.२५ टक्के, म्हणजे साडेबारा टप्पे. साडेबारा गुणिले ३.४६ म्हणजे ४३.२५. दर झाला क्विंटलला ३९८.२५, टनाला ३,९८२.५० रुपये. हा कारखान्याच्या दारातला दर. महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक बहुधा कारखानाच करतो आणि तो खर्च यातून वजा करतो. तो टनाला ९०० धरला तर शेतकऱ्याच्या खात्यावर ३,०८२.५० येतात. गावात "आमच्या कारखान्याने अमुक दर दिला" अशी तुलना चालते तेव्हा आकडा तोडणी-वाहतुकीसह आहे की वजा जाता, हे आधी विचारा. निम्मे वाद तिथेच मिटतात.

एफआरपीच्या नावातही विचारांचा बदल आहे. २००९ पूर्वी याला वैधानिक किमान भाव म्हणत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि दर ठरवताना शेतकऱ्याची जोखीम व नफा यांसाठी वाजवी जादा रक्कम धरायचं बंधन आलं. "यापेक्षा कमी देऊ नका" पासून "रास्त द्या" पर्यंतचा हा प्रवास. त्याच दुरुस्तीत भार्गव सूत्र, म्हणजे कलम ५अ, गेलं. त्यात जादा उत्पन्न कारखाना आणि शेतकरी यांच्यात निम्मं-निम्मं वाटायची सोय होती. पुढे २०१२ साली रंगराजन समितीने वाटणीची कल्पना नव्या रूपात परत आणली: साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के उसाला. महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्यात ती घेतली. एफआरपी आणि हे सूत्र यांत जे जास्त ते द्यायचं.

कोणतं जास्त भरतं ते वरच्याच उदाहरणावर बघा. टनातून ११५ किलो साखर. कारखान्यातून ३८ रुपये किलोने विकली तर ४,३७० रुपये, त्याचे ७५ टक्के ३,२७७.५०. एफआरपी त्याहून ७०५ रुपयांनी जास्त आहे. सूत्र एफआरपीला गाठायला साखर ४६ रुपये १७ पैशांच्या पुढे जावी लागेल. २०१९ साली साखरेचा किमान विक्री दर ३१ रुपये केला आणि नंतर वर्षानुवर्षं तोच ठेवला. एफआरपी मात्र वाढत गेली. ३१ रुपयांनी ११५ किलोचे ३,५६५ रुपये होतात. म्हणजे सगळी साखर किमान दराने विकली तर नुसत्या उसाचेही पैसे निघत नाहीत.

खरी ओढाताण पुढे आहे. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. गाळप चार-पाच महिन्यांत संपतं, पण साखर वर्षभर, केंद्र महिन्याला ठरवून देईल त्या कोट्याप्रमाणे विकायची. मधल्या काळाचा पैसा मालतारण, म्हणजे गोदामातली साखर तारण ठेवून काढलेल्या, कर्जातून येतो. बँक साखरेच्या मूल्यांकनाच्या ८५ टक्के देते असं धरा: ४,३७० चे ३,७१४.५०. एफआरपी ३,९८२.५०. चौदाव्या दिवशी टनामागे २६८ रुपये कमी पडले. अजून मजुरी, चुना, गंधक, बारदाना यांचा रुपयाही दिलेला नाही. शिवाय बँक त्यातूनच जुन्या कर्जाचे हप्ते आधी कापून घेते. साखर सरासरी सहा महिने पडून राहिली आणि व्याज १० टक्के असलं तर टनाला आणखी सुमारे १८६ रुपये. थकीत एफआरपीच्या बातम्यांमागे कारभाराचे दोष असतातच, मी ते नाकारत नाही. पण नेटका चालणारा कारखानाही या गणितात अडकतो. सहवीज (उसाच्या चिपाडापासून केलेली वीज) आणि इथेनॉल हे जोडधंदे याच कोंडीतून जगण्याचे आधार झाले, आणि म्हणूनच ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंधन आणलं तेव्हा एवढा हादरा बसला. ग्राहकाला साखर स्वस्त, शेतकऱ्याला दर रास्त, गाडीत इंधन देशी: तिन्ही उद्देश चांगले, आणि तिन्हींचा भार एकाच ताळेबंदावर.

आता ज्या भांडणामुळे मी हे उदाहरण निवडलं ते सांगतो. किमान भावापेक्षा जास्त दिलेला दर हा खर्च की नफावाटप? आयकर खात्याने अनेक वर्षं म्हटलं की हे नफावाटप आहे, वजावट मिळणार नाही, कर भरा. कारखान्यांनी म्हटलं की आम्ही ऊस विकत घेतला, तो खर्च आहे. कंपनीच्या चष्म्यातून बघितलं तर खात्याचं म्हणणं चुकीचं वाटत नाही: मालकाला बाजाराहून जास्त दिलं तर तो नफाच. सहकाराच्या चष्म्यातून नफा असा वेगळा उरतच नाही, कारण तो दरातच मुरलेला आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने मधला रस्ता काढला: ५अ खालच्या दरात नफ्याचा जेवढा अंश असेल तेवढं नफावाटप, बाकी खर्च, आणि अंश किती हे प्रत्येक कारखान्याच्या हिशेबातून काढा. त्याआधीच २०१५ च्या दुरुस्तीने, करनिर्धारण वर्ष २०१६-१७ पासून, सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंत वजावट मान्य झाली होती. मागच्या वर्षांचा प्रश्न २०२३ च्या अर्थसंकल्पाने सोडवला; सुमारे १०,००० कोटींचा दिलासा, असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. धंदा म्हणजे काय याच्या दोन व्याख्या एकमेकींना भिडल्या आणि त्या टकरीची किंमत दहा हजार कोटी निघाली.

सहकाराचा विचार निर्दोष आहे असं मात्र समजू नका. संचालक मतांवर निवडून येतो आणि मत दरावर मिळतं. त्यामुळे घसारा निधीत, म्हणजे झिजलेली यंत्रं बदलण्यासाठी, टाकायचा पैसाही दरात वाटून टाकायचा मोह होतो, आणि पंचवीस वर्षांनी मिल किंवा बॉयलर बदलायची वेळ आली की सगळं कर्जावर. त्यात उभारणीची रूढ रचना अशी की सभासदांचे १० टक्के, सरकारचं भागभांडवल ३० आणि कर्ज ६०, तेही बहुधा सरकारच्या थकहमीवर. ज्याचे दहा पैसे गुंतलेत त्याची नजर साहजिकच यंदाच्या दरावर राहते, दहा वर्षांनंतरच्या कारखान्यावर नाही. दुसरा दोष कमी बोलला जातो. कायद्याने एफआरपी सगळ्यांना सारखी, आणि ऊस पळवापळवीच्या स्पर्धेत वरचा दरही बिगरसभासदाला तोच द्यावा लागतो. मग फळ मालकाला आणि पाहुण्याला सारखंच. सभासदाला सवलतीची साखर आणि मताचा हक्क एवढंच वेगळं उरतं. माझ्या मते सभासदाची मालकीची भावना विरण्याचं हे मोठं कारण आहे.

तुम्हाला अभ्यासासाठी हे करून बघायचं असेल तर एक सहकारी आणि एक शेअर बाजारात नोंदलेला खासगी कारखाना घ्या, एकाच हंगामाचे अहवाल. सहकारी अहवालात शेकडो कोटींच्या उलाढालीवर चाळीस लाख नफा दिसला तर लगेच "अकार्यक्षम" असा शेरा मारू नका. भागभांडवलावरचा परतावा हे माप त्याच्यासाठी बनलेलंच नाही. आधी त्या उताऱ्याची एफआरपी काढा. प्रत्यक्ष दिलेल्या एकूण दरातून ती वजा करा, दोन्ही आकडे तोडणी-वाहतूक धरून घ्या. फरकाला गाळपाच्या टनांनी गुणा. टनाला १५० रुपये जास्त आणि गाळप आठ लाख टन असेल तर १२ कोटी झाले. ते छापील नफ्यात मिळवा, मग खासगीशी तुलना करा. कारखाना बी-हेवी मळीपासून (साखर पूर्ण न काढलेल्या मळीपासून) इथेनॉल करत असेल तर अहवालातला साखर उतारा कमी दिसतो, कारण काही साखर मळीत गेलेली असते. एफआरपीसाठी ती घट मिळवून धरलेला उतारा लागतो, तो वेगळा मागून घ्या. नाहीतर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

त्यानंतर घसाऱ्याची आणि व्याजाची ओळ बघा. व्याजाला तयार साखरेच्या क्विंटलांनी भागा. हा आकडा तीन-चार वर्षं ओळीने चढत असेल आणि दरही दरवर्षी एफआरपीच्या वर जाहीर होत असेल, तर तो जादा दर नफ्यातून येत नाही, कर्जातून येतो आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारायचा प्रश्न तो.