दिवे बदलले, तरी बिल वाढलं

प्रश्न : काका, आम्ही इंदिरानगरला राहतो, घरात चौघं. मुलीने शाळेसाठी ‘वीज वाचवा’चा तक्ता केला आणि हट्टाने घरातले सगळे दिवे एलईडी करायला लावले. तरी ऑक्टोबरचे १८० युनिट डिसेंबरला २४० झाले, तेही पंखे बंद असताना! मीटर तपासून घ्यावं का? – एक वाचक

उत्तर : मीटरवर संशय सगळ्यात शेवटी. तीस वर्षं वायरमन म्हणून जिने चढलो, बहुतेक वेळा चोर घरातच सापडला. डिसेंबर म्हटल्यावर मला आधी गिझरच दिसतो. पहाटे बटण दाबायचं आणि शेवटचा माणूस आंघोळ करून बाहेर येईपर्यंत तसंच ठेवायचं, ही घरोघरची रीत. २००० वॉटचा गिझर दिवसाकाठी तासभर तापला की २ युनिट, महिन्याचे ६०. तुमची वाढ तेवढीच आहे की! तुमचा ९ वॉटचा दिवा रोज पाच तास लावला, तर २ युनिट जाळायला त्याला दीड महिना लागेल.

गिझर ६० अंशांवर असेल तर ५० वर आणा. नाहीतरी आपण कढत पाण्यात गार ओततोच. आंघोळी पाठोपाठ उरका. आणि बादली बरी. एक बादली तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. शॉवरखाली दहा मिनिटांत चार-पाच बादल्या कधी गेल्या ते कळत नाही.

तक्त्यासाठी मुलीला नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या, कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या चिमण्या दाखवून आणा. तिथली वीज थेट तुमच्याच घरी येते असं नाही, सगळ्या केंद्रांची एकत्रच वाहते. पण त्यात कोळशाचा वाटा मोठा. देशात एका युनिटमागे सरासरी पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुमच्या ६० युनिटांचा हिशेब तिलाच करू द्या.

आता मीटर. त्यावर ३२०० किंवा तसा आकडा छापलेला असतो. लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झाला. रात्री घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचंही बटण, आणि जिन्यात जाऊन दिवा बघा. दहा मिनिटं गप्प राहिला तर मीटरला दोष देऊ नका. आमच्याकडे तो सव्वा मिनिटाला एकदा डोळा मारत होता. शोधलं तर मागच्या खोलीतला सेट-टॉप बॉक्स! टीव्ही रिमोटने बंद, हा मात्र रात्रंदिवस १५ वॉट खात बसलेला. महिन्याचे जवळजवळ ११ युनिट. आता त्याचं बटण भिंतीवरच बंद करतो.

फ्रिज परत चालू करायला तेवढं विसरू नका. त्या रात्री आमचं दोन लिटर दूध नासलं, आणि त्याचं बिल अजून घरात वाचून दाखवलं जातं.