जिम्नीचे लॉकर, क्राऊन-पिनियन आणि तीन लाखांचं कर्ज

प्रश्न : मी साताऱ्यात राहतो, वय ३६. पगार हातात ९२,००० येतो. बायकोने मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, मुलगी आता चार वर्षांची आहे. घराचा हप्ता ३१,०००, गाडीचा १४,५००, घरखर्च ३४,०००, एसआयपी ८,०००. बँकेत ३,२०,००० ची एफडी आहे. दिवाळीला साधारण ७०,००० बोनस मिळतो. मारुतीची २०२३ ची मॅन्युअल जिम्नी (फोर बाय फोर) आहे, तिला २३५/७५ आर १५ टायर लावले आहेत आणि दोन इंचांची लिफ्ट केली आहे, म्हणजे गाडी उंच केली आहे. वर्षातून सात-आठ वेळा ऑफ-रोडिंगला जातो. गेल्या वर्षी तीनदा अडकलो. टायर बदलल्यापासून गाडीचा दम गेल्यासारखा वाटतो आणि ॲव्हरेज १५ वरून १३ वर आलं आहे. गॅरेजवाल्याने पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना एअर लॉकर (एका ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र बांधणारी, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा) आणि नवे गिअर (ॲक्सलमधले क्राऊन-पिनियन) सुचवले आहेत. कोटेशन ४,३५,००० चं आहे. तीन लाख पर्सनल लोन (१४ टक्के, ३ वर्षं), बाकी एफडी मोडून आणि एसआयपी थांबवून करावं असा विचार आहे. योग्य होईल का?

उत्तर : कर्ज काढून करू नका. पण हौसच सोडा, असंही मी म्हणणार नाही. तुमच्या कोटेशनमधली एक वस्तू घेण्यासारखी आहे, फक्त आत्ता नाही.

आधी घरचा हिशेब, कारण तो दोन मिनिटांत संपतो. तीन लाखांवर १४ टक्क्यांनी छत्तीस महिने हप्ता बसतो सुमारे १०,२५०. व्याज जातं ६९,०००. आज तुमचे सगळे खर्च जाऊन महिन्याला ४,५०० उरतात, म्हणजे हा हप्ता बसवायला एसआयपी बंद करावीच लागणार. मग ९२,००० तले जवळपास ५६,००० नुसत्या हप्त्यांत जातील. घरात कमावणारे तुम्ही एकटे. एफडी आज हप्त्यांसकट चार महिने घर चालवेल. तिच्यातले १,३५,००० काढलेत तर दोन महिने आणि वर थोडे दिवस. ‘हीच एसआयपी वीस वर्षं चालू ठेवली असती तर’ हे गणित मी मांडत नाही. ते ऐकून कुणी टायर बदलायचं थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दोन महिन्यांची शिल्लक, चार वर्षांची मुलगी आणि तीन हप्ते, एवढंच पुरेसं आहे.

आता कोटेशनकडे येऊ. तुम्ही फोटो पाठवलात हे बरं केलंत. दोन लॉकर २,१०,०००, कॉम्प्रेसर आणि नळ्या-वायरिंग ३८,०००, पुढचा-मागचा क्राऊन-पिनियन सेट १,१२,०००, बेअरिंग-सील-शिम-ऑइल २७,०००, मजुरी ४८,०००. हे एकच काम असल्यासारखं लिहिलंय. पण ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन वेगळ्या दुखण्यांवरची औषधं आहेत. गाडी अडकते, त्यावर लॉकर. गाडीचा दम गेला, त्यावर गिअर.

दम किती गेला ते मोजू या. टायरच्या बाजूवर जे आकडे असतात त्यातच उत्तर आहे. मूळचा टायर १९५/८० आर १५. १९५ चे ८० टक्के १५६, दोन्ही बाजूंचे मिळून ३१२, त्यात पंधरा इंची रिमचे ३८१ मिलिमीटर, एकूण ६९३. तुमचा आताचा टायर त्याच रीतीने ७३३. म्हणजे चाक जेमतेम सहा टक्क्यांनी मोठं झालं. ते भरून काढायला ४.०९ चा ॲक्सल रेशो (चाक एकदा फिरायला शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) साधारण ४.३३ करावा लागेल. सहा टक्के जाणवतात, नाही असं नाही. दीड लिटरच्या इंजिनाला १३४ न्यूटन-मीटरच टॉर्क आहे आणि तुमच्या साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा चढ काही सपाट नाही. पण त्यावर उपाय एक गिअर खाली टाकण्याचा आहे. ऑफ-रोडला तर फोर-लोमध्ये (चारही चाकांना हळू पण जोराने फिरवणारी चाल) पहिल्या गिअरला इंजिनाचा वेग मूळचा ३६ पट कमी होऊन चाकाला मिळायचा, तो आता मोठ्या चाकामुळे ३४ पट धरा. दोनाचा फरक तिथे पायाला कळणारही नाही.

ॲव्हरेजचं तर वेगळंच आहे. चाक मोठं झाल्यापासून तुमचा मीटर कमी मोजतोय. मीटरवर शंभर किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी जवळपास १०६ गेलेली असते. म्हणजे तुमचे १३ हे खरे पावणेचौदा आहेत. वर्षाला तुम्ही मीटरवर ९,००० चालवता असं धरू, म्हणजे खरे ९,५००. पेट्रोल १०४ रुपयांनी धरलं तरी वर्षाला जास्तीचं जळतं सुमारे ६,००० रुपयांचं. नव्या गिअरने हे सगळं परतही येणार नाही, कारण त्यातलं बरंचसं टायरच्या वजनाने आणि रुंदीने खाल्लेलं आहे. सगळं येतं असं धरलं तरी १,१२,००० वसूल व्हायला जवळपास एकोणीस वर्षं लागतील.

गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, लॉकरसाठी डिफरन्शियल उघडणारच आहे, तेव्हाच गिअर टाकून घ्या, मजुरी वाचेल.’ डिफरन्शियल म्हणजे ॲक्सलच्या मधली, दोन्ही चाकांना ताकद वाटणारी पेटी. तो म्हणतो ते खोटं नाही. लॉकर बसवतानाही बेअरिंग आणि क्राऊनचं सेटिंग नव्याने करावंच लागतं. पण यातली मेख अशी की गिअर एका ॲक्सलचे बदलता येत नाहीत. फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा, नाहीतर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) वाटोळं होतं. म्हणून गिअरला हो म्हटलं की पुढचा ॲक्सलही उघडावा लागतो, आणि उघडलाच आहे तर पुढे लॉकरही घ्या, असं ते वाढत जातं. गिअर यादीतून काढले की पुढचा ॲक्सल बंदच राहतो.

आता लॉकर. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेलं की ते गरगरतं आणि जमिनीवरच्या चाकाला काही मिळत नाही. लॉकर दोन्ही चाकं एकत्र बांधतो. जिम्नीत घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणारी यंत्रणा आधीच आहे. ती लॉकरइतकी ठाम नाही, आणि तिला काम करायला क्षणभर वेळ आणि ॲक्सिलरेटरवर थोडा दाब द्यावा लागतो. गेल्या वर्षी तीनदा अडकलात, ते नेमके कसे? लिहिलं नाहीत. तिरक्या चढावर आडवी-तिडवी चाकं हवेत जाऊन अडकला असाल तर लॉकरने फरक पडेल. पण पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतात अडकला असाल, तर टायरच्या खाचा चिखलाने भरून चारी टायर पुरणपोळीसारखे गुळगुळीत झालेले असतात. लॉक लावलात तर दोनऐवजी चारही चाकं सोबतीने फिरतील, इतकंच. तिथे टायरची हवा उतरवणं जास्त कामाचं, आणि त्याला गेज सोडून खर्च नाही. पुढचा लॉकर तर लावल्यावर स्टीअरिंग जड करतो आणि वळू देत नाही. वर्षातून आठदा जाणाऱ्याला मागचा एक लॉकर पुरतो, असं माझं मत आहे.

फक्त मागचा धरला तर एक लॉकर १,०५,०००, कॉम्प्रेसर ३८,०००, बेअरिंग-सील निम्मे १३,५००, मजुरी निम्मी २४,०००. एकूण १,८०,५००. कॉम्प्रेसर टायरमध्ये हवा भरायलाही चालतो, तेव्हा त्याची तक्रार करत नाही.

हा पैसा कर्जाशिवाय असा उभा राहतो : या दिवाळीच्या बोनसचे ७०,००० आणि महिन्याला उरणारे ४,५०० वेगळ्या आरडीत टाका. बारा महिन्यांचे ५४,००० होतील. पुढच्या दिवाळीचा बोनस धरून १,९४,०००. एफडीला हात नाही, एसआयपीला नाही. बोनस हुकला तर लॉकर एक वर्ष पुढे जाईल, घराचा हप्ता नाही. आणि या मधल्या वर्षात प्रत्येक वेळी अडकाल तेव्हा कशामुळे अडकलात ते फोनमध्ये लिहून ठेवा. वर्षभराच्या नोंदीत चाक हवेत गेल्याचा प्रसंग एकच निघाला तर १,९४,००० बँकेतच राहू द्या.

कागदपत्रांकडेही लक्ष द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आरसीवरच्या तपशिलाविरुद्ध केलेल्या बदलांबद्दल आहे. कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लॉकर आरसीवर दिसत नाही. तुमचे टायर आणि लिफ्ट मात्र रस्त्यावर उभ्या माणसालाही दिसतात. त्यापेक्षा मोठी जोखीम विम्याची आहे. विमा कंपनीला टायर, लिफ्ट आणि लॉकर तिन्ही ई-मेलने कळवा आणि उत्तर लेखी घ्या. न कळवता राहिलात आणि उद्या घाटात गाडी गेली, तर स्वतःच्या नुकसानीच्या दाव्यावर सर्व्हेअर पहिलं बोट तिथेच ठेवेल. क्लबच्या शर्यतीत उतरत असाल तर नेहमीच्या पॉलिसीत ती बसत नाही, हेही जाता जाता. वाढीव वॉरंटी घेतली असेल तर ॲक्सल उघडल्यावर ड्राइव्हलाइनचा दावा नाकारला जाईल असंच धरून चाला.

दोन्ही लॉक कारखान्यातूनच हवे असतील तर फोर्सच्या गुरखाला ते पुढे-मागे मिळतात आणि त्यात आरसीचा किंवा विम्याचा वाद नाही. पण जिम्नीचं कर्ज संपण्याआधी ती विकून तिकडे जाणं आज तुम्हाला परवडणार नाही. हा विषय २०२८ चा.

शेवटी मजुरीबद्दल, कारण यात पैसा सगळ्यात सहज बुडतो. आमच्या घरी महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप होती. वडिलांनी तिचं मागचं क्राऊन-पिनियन ओळखीच्या मिस्त्रीकडून बदलून घेतलं. त्यानंतर साठ ते सत्तरच्या वेगात ती रडायची, सलग हूंऽऽ असा आवाज, जणू मागच्या सीटवर कुणी पुटपुटतंय. दोनदा परत उघडली, शेवटी दात खाल्ले आणि पुन्हा नवा सेट आला. क्राऊन आणि पिनियनमधला मोकळेपणा मिलिमीटरच्या पाव भागापेक्षाही कमी असतो आणि तो डायल गेजवरच कळतो, हाताने हलवून नाही. दातांना रंग लावून घासलेली खूण कुठे उमटते ते पाहावं लागतं. म्हणून कोटेशनवर लिहून घ्या : मोकळेपणाचा आकडा, रंगाच्या खुणेचा फोटो, आणि पहिल्या आठशे किलोमीटरनंतर ऑइल बदलण्याचं काम त्याच मजुरीत. पहिल्या दिवशी पंचवीस-तीस किलोमीटर चालवून गाडी थंड होऊ द्यायची असते, हे त्यानेच तुम्हाला सांगायला हवं. सांगितलं नाही तर दुसरं गॅरेज बघा.

आणि डिफरन्शियलमधून निघालेले मूळचे भाग परत मागून घ्या. गाडी विकताना लॉकरचे पैसे कुणी देत नाही. तो काढून दुसऱ्या हौशी माणसाला विकता येतो, पण मूळचा माल खोक्यात भरून माळ्यावर असेल तरच.