पेस्ट केल्यावर कोडचा जिना होतो तेव्हा

भाऊ, जळगावच्या लॅबमध्ये सरळ दिसणारा कोड घरी धुळ्याला वाकडा दिसतो, कारण टॅबची रुंदी दोन्हीकडे वेगळी असते. विम हा आपला कोड लिहायचा एडिटर मुळात टॅब 8 रकान्यांचा धरतो. विमआरसी या त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक्स्पांडटॅब (टॅबऐवजी स्पेस) चालू कर, शिफ्टविड्थ (ओळ एका वेळी किती सरकते) आणि सॉफ्टटॅबस्टॉप (टॅब दाबल्यावर किती स्पेस) 4 ठेव, शिवाय फाइलच्या भाषेप्रमाणे ओळी आत घेण्यासाठी ‘फाइलटाइप इंडेंट ऑन’ लिही.

पेस्ट केल्यावर प्रत्येक ओळ आणखी उजवीकडे सरकते? ऑटोइंडेंट ही विमची सोय मागच्या ओळीचा समास (सुरुवातीची मोकळी जागा) पुढे आणते, त्यात पेस्ट केलेल्या ओळीचा स्वतःचा समास मिळतो. अनडू कर, ‘सेट पेस्ट’ दे, मग पेस्ट कर. लगेच ‘सेट नोपेस्ट’ देच. नाहीतर ऑटोइंडेंट आणि एक्स्पांडटॅब दोन्ही बंदच राहतात.

आधीच बिघडलेली सी किंवा जावाची फाइल असेल तर दोनदा जी, बरोबरचं चिन्ह आणि कॅपिटल जी दाबलं की सगळी नीट लागते, कारण महिरपी कंस ब्लॉक सांगतात. पायथॉनवर हे मुळीच करू नकोस. तिथे समास हाच अर्थ आहे. कापसाच्या क्विंटलांची बेरीज छापणारी ओळ 4 स्पेस आत गेली, की लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) प्रत्येक फेरीला बेरीज छापली जाते आणि एररही येत नाही. अशा ओळी निवडून ‘>’ किंवा ‘<’ ने हातानेच सरकव.