जुनी व्हर्जन्स काढू का ठेवू?

प्रश्न : मागच्याच आठवड्यात मुलानं घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज १० चं ११ करून दिलं आणि तेव्हापासून सी ड्राइव्ह लाल दाखवतोय. कंट्रोल पॅनलमधली यादी उघडली तर जावा चार वेळा, फ्लॅश प्लेअर आहे, आणि व्हिज्युअल सी प्लस प्लस तर अर्धं पान भरून. ही जुनी सगळी उडवली तर चालतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काढा ना ताई, पण सरसकट नको. अपडेट झालं म्हणजे जुनं गेलं असं आपण धरून चालतो, आणि क्रोम, फायरफॉक्स, व्हीएलसीचं होतंही तसंच. जावाचं, म्हणजे काही प्रोग्राम आणि साइट्स चालायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं, मात्र तसं नव्हतं, नवीन यायचं ते बऱ्याचदा वेगळ्या फोल्डरमध्ये बसायचं आणि आधीचं तिथंच पडून राहायचं. पुढं जावा ८ च्या काळात इन्स्टॉलर विचारायला लागला की जुनं काढू का, पण वाचतंय कोण, आपण आपलं नेक्स्ट नेक्स्ट करत सुटतो. जावा ६ चे सगळ्यांसाठीचे अपडेट २०१३ मध्ये थांबले, ७ चे २०१५ मध्ये, म्हणजे त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं तुमच्याकडं तशीच उघडी आहेत, तेव्हा ही आधी काढा. फक्त घरात कुणी डिजिटल सही लावून टेंडर वगैरे भरत असेल तर त्यांना विचारून काढा, काही साइट्सना ठरावीकच जावा लागतं.

फ्लॅश, म्हणजे वेबसाइटवरचे व्हिडिओ आणि गेम चालवायला लागायचं ते, बिनधास्त काढा. त्याचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२० ला संपला.

व्हिज्युअल सी प्लस प्लसला मात्र हात लावू नका, दुसरे प्रोग्राम चालायला लागणाऱ्या फाइल्स असतात त्या. दिसायला जुनी व्हर्जन्स वाटतात पण २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३ ही प्रत्येक वेगळी गोष्ट आहे, २०१० वर बनलेल्या प्रोग्रामला २०१० चंच लागतं, आणि ६४ बिटचा कॉम्प्युटर असला तरी एक्स८६ वालंही, म्हणजे ३२ बिटचंही, लागतं. काढलं की टॅली नाहीतर मुलाचा एखादा गेम 'एमएसव्हीसीआर१००.डीएलएल मिसिंग' म्हणून बसणार. बरं काढून वाचतं किती, थोडेसे एमबी.

तुमची खरी जागा खाल्लीये ती विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरनं. त्यात अख्खं जुनं विंडोज १० आहे, कितीतरी जीबी. १० दिवसांनी ते आपोआप जातं, पण तोवर थांबायचं नसेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं जाऊन 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन'वर टिक करा. आणि इथं नीट बघा, त्याच यादीत 'डाउनलोड्स' पण असतं, त्यावर चुकून टिक पडली तर बँकेची स्टेटमेंटं, लग्नाचे फोटो, जे काही डाउनलोड करून तिथंच ठेवलंय ते सगळं गेलं! त्याआधी प्रिंटर, स्कॅनर एकदा चालवून बघा, कारण विंडोज.ओल्ड गेलं की परत १० वर जायचा सोपा रस्ता बंद.

प्रश्न : अनइन्स्टॉलच्या भानगडीत न पडता प्रोग्राम फाइल्समधलं जुनं फोल्डरच डिलीट केलं तर?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नको हो. बऱ्याच प्रोग्राम्सचा अनइन्स्टॉलर त्याच फोल्डरमध्ये असतो, तो गेला की नाव यादीत तसंच राहतं आणि काढायला गेलं की एरर. आधीच केलं असेल तर तेच व्हर्जन परत इन्स्टॉल करा आणि मग यादीतनं रीतसर काढा. आणि विंडोजच्या आतलं विनएसएक्सएस फोल्डर (यात विंडोजचे स्वतःचे भाग असतात) बघून तर अजिबात हात शिवशिवू देऊ नका, त्यातल्या कितीतरी फाइल्स दोनदा मोजल्या जातात म्हणून ते असतं त्यापेक्षा मोठं दिसतं. त्यातलं खरंच जुनं झालेलं डिस्क क्लीनअपमधलं 'विंडोज अपडेट क्लीनअप' काढतं, त्यासाठी आधी 'क्लीनअप सिस्टिम फाइल्स' बटण दाबावं लागतं. वेळ लागतो बऱ्यापैकी, मध्येच बंद करू नका.