वाचकांचे प्रश्न : संग्रहालयाची सहल आणि पुठ्ठ्याचा अडकित्ता

प्रश्न : पाचवीच्या ४० मुलांना पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायचे आहे. आधीच्या एका सहलीत मुलांनी अर्ध्या तासात सगळी दालने पळत संपवली आणि डबे उघडले. या वेळी काय करू? (एक शिक्षिका)

उत्तर : सगळे दाखवायचा हट्ट आधी सोडा. डॉ. दिनकर केळकरांनी जमवलेल्या वस्तू २० हजारांच्या घरात आहेत. मांडलेल्याही एका दिवसात पाहून होत नाहीत. एकच वस्तू निवडा. आमची पसंती अडकित्त्याला. काहींच्या घरी तो अजून पानाच्या डब्यात असतो, आणि इथे तर माणसांच्या, प्राण्यांच्या आकारांतले अडकित्ते आहेत.

मुलांच्या २० जोड्या करा. प्रत्येक जोडीने एक अडकित्ता निवडून त्याच्यासमोर दहा मिनिटे बसायचे. एकाने वरची पात काढायची, दुसऱ्याने खालची. शिसपेन्सिलच द्या, शाईचा डाग वस्तूवर पडला तर निघत नाही. खीळ कुठे आहे आणि मुठी किती लांब आहेत, हे चित्रात आलेच पाहिजे. नक्षी नंतर.

शाळेत परतल्यावर तोच अडकित्ता पुठ्ठ्याचा करायचा. ५० × ४० सेंमीचे खोक्याचे चार तुकडे घ्या. त्यांतून २५ × ४ सेंमीच्या ८० पट्ट्या निघतात. दोन पट्ट्या चिकटवून एक पात. पांढरा गोंद २०० ग्रॅम पुरतो. पट्टी कापताना पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या लांबीच्या दिशेने हव्यात. आडव्या आल्या की पात मधोमध दुमडते, आणि मुलांना वाटते आपलेच चुकले. चिकटवलेल्या पाती रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा.

खरी गंमत भोकाशी आहे. प्रत्येकाने आपापल्या पातीला वेगळे भोक पाडले की पाती जुळत नाहीत, तोंड तिरके होते आणि जोडीत भांडण लागते. म्हणून दोघांनी पाती एकमेकींवर ठेवून, टोकापासून २ सेंमी आत, दाभणाने एकदम भोक पाडायचे. दाभण तुम्ही चालवा, पाती मुलांनी घट्ट धरायच्या. भोक त्याहून कडेला गेले तर पुठ्ठा फाटतो. मग पितळी पिन.

आता भिजवलेल्या कणकेची गोळी खिळीपासून ३ सेंमीवर ठेवून मुठी दाबायला लावा, मग तशीच गोळी १५ सेंमीवर. दुसऱ्या वेळी जास्त जोर लागतो. विज्ञानाच्या पुस्तकातली दुसऱ्या प्रकारची तरफ ती हीच : टेकू एका टोकाला, भार मध्ये, बल दुसऱ्या टोकाला. रंगकाम सगळ्यात शेवटी. पातीवर पोपट हवा की घोडा, हे जोडीने मिळून ठरवावे. त्या वाटाघाटीला पूर्ण तास द्या, मध्ये पडू नका.

प्रश्न : 'हात लावू नका' ही पाटी पाहून मुले हिरमुसतात. (एक पालक)

उत्तर : कारण सांगितले की बहुतेक मुले ऐकतात. हाताच्या घामात क्षार असतात. पितळेवर बोट टेकले की तिथे हळूहळू डाग धरतो, आणि रोज शंभर बोटे टेकतात. मात्र हाताची भूकही भागवायला हवी. सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात घरून मागवलेल्या सहा-सात वस्तू मांडा : रवी, सूप, खलबत्ता, शेर, मापटे. अडकित्ता असला तर पाती दोऱ्याने बांधून. दोन मापटी तांदूळ शेरात ओतून पाहू द्या. प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी हवी : नाव, काम, कोण वापरत होते, कोणत्या गावची. ही माहिती मुलाने आजी-आजोबांना विचारूनच लिहायची. ती चिठ्ठी आईबाबांनी लिहून दिली तर परत पाठवा.

प्रश्न : आमची शाळा खेड्यात आहे, शहरापर्यंत सहल परवडत नाही. (एक मुख्याध्यापक)

उत्तर : मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली, तुमच्याकडे येण्यासाठी त्यांना शाळेच्या पत्रावर विचारा. तोवर वरचे वस्तूंचे प्रदर्शन गावातच भरवा, आणि मांडणी, चिठ्ठ्या, पाहुण्यांना माहिती देणे, सगळे मुलांकडे सोपवा.