रेघेपाशी राहिलेला खांदा

प्रश्न : तियानानमेन चौकातल्या एका फोटोत हातात भोंगा घेतलेले झाओ झियांग दिसतात आणि त्यांच्या मागे वेन जियाबाओ उभे आहेत. झाओ पुढे मरेपर्यंत नजरकैदेत राहिले, वेन चीनचे पंतप्रधान झाले. हे कसं काय घडलं?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : हा फोटो माझ्या हातून गेलेला आहे. मे 1989 मध्ये मी एका दैनिकात रात्रपाळीला उपसंपादक होतो. जागा दोन कॉलमांचीच होती. पेन्सिलीने रेघा मारून झाओंचा चेहरा, भोंगा आणि समोरची पोरं तेवढी ठेवली आणि मागचा गंभीर चेहऱ्याचा माणूस कापून टाकला. 2003 मध्ये तो माणूस पंतप्रधान झाल्यावर मी कात्रण शोधून काढलं. रेघेपाशी त्याचा खांदा तेवढा राहिला होता.

झाओ तेव्हा चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. 19 मेच्या त्या पहाटे ते लोकशाहीच्या मागणीसाठी उपोषणाला बसलेल्या विद्यार्थ्यांना भेटायला आले, ‘आम्हाला यायला फार उशीर झाला’ म्हणाले. त्यानंतर ते लोकांसमोर कधीच आले नाहीत. वेन तेव्हा पक्षाच्या केंद्रीय समितीच्या मुख्य कचेरीचे प्रमुख होते. सरचिटणीसांचे कागद, बैठका, दौरे सगळं या कचेरीकडे. म्हणजे त्या पहाटे सरचिटणीसांच्या मागे उभं राहणं ही त्यांची ड्यूटीच होती. माझ्या मते ते वाचले ते यामुळेच. त्यांना कुणी झाओंचा माणूस मानलं नाही, खुर्चीचा माणूस मानलं. झाओंच्या आधीचे सरचिटणीस हू याओबांग जानेवारी 1987 मध्ये पदावरून गेले, झाओ जून 1989 मध्ये पदावरून गेले, त्या जागी जियांग झेमिन आले. वेन त्याच कचेरीत होते. घराण्याचा आधारही त्यांना नव्हता. तियानजिनच्या शिक्षकाचा हा मुलगा भूगर्भशास्त्र शिकला आणि गान्सूच्या डोंगरांत चौदा वर्षं राहिला.

पंतप्रधान म्हणून त्यांनी केलेलं एक काम मला फार मोठं वाटतं. 1 जानेवारी 2006 पासून चीनमधला शेतीवरचा कर रद्द झाला. शतकानुशतकं शेतकऱ्याच्या मानेवर बसलेला कर होता तो. मे 2008 मध्ये सिचुआनला भूकंप झाला, तेव्हा काही तासांतच ते ढिगाऱ्यांपाशी पोहोचले होते.

पण हा माणूस समजून घ्यायचा तर त्यांचा 15 एप्रिल 2010 चा लेख बघावा लागतो. ‘पीपल्स डेली’त त्यांनी हू याओबांग यांच्यावर लिहिलं, आणि हूंचं नाव तिथे सहसा निघत नसे. 1986 मध्ये दोघे ग्वेजौ प्रांतातल्या शिंगयीला गेले होते. रात्री हूंनी त्यांना सांगितलं, काही माणसं घे, जवळच्या खेड्यात जा, लोकांशी बोल, पण स्थानिक अधिकाऱ्यांना कळू देऊ नकोस. वेन अंधारात गेले. चोवीस वर्षांनी दुष्काळ पाहायला ते पुन्हा शिंगयीत आले आणि पंतप्रधान असूनही एका रात्री तसेच गुपचूप खेड्यात गेले. दरवर्षी वसंतोत्सवात आपण हूंच्या घरी जातो, हेही त्यांनी लिहिलं.

हूंची आठवण त्यांनी अशी उघडपणे काढली. झाओंसाठी मात्र ते झालं नाही. 17 जानेवारी 2005 ला झाओ वारले ते नजरकैदेतच, आणि तेव्हा देशाचे पंतप्रधान वेन होते. एवढ्या वरच्या पदावरचा माणूस किती करू शकतो आणि किती नाही, हा हिशोब मी बरीच वर्षं करतोय आणि मला अजूनही वाईट वाटतं. दोघांबद्दलही.

2013 मध्ये वेन निवृत्त झाले. एप्रिल 2021 मध्ये मकावच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी नुकत्याच वारलेल्या आईवर लेख लिहिला. सांस्कृतिक क्रांतीत वडिलांचा झालेला छळ त्यात होता. लोक तो लेख वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर एकमेकांना पाठवू लागले, तेव्हा पाठवण्याची सोयच बंद करण्यात आली.