दुर्बीण नसताना चंद्र-सूर्य किती मोठे आहेत हे साध्या गुणोत्तराने काढता येतं का?

हो, येतं. फक्त अंतर माहीत हवं.

कागदाची ५ मिलिमीटर व्यासाची गोल टिकली कापून काचेवर चिकटवा. एक डोळा मिटून, पौर्णिमेचा चंद्र टिकलीमागे जेमतेम झाकला जाईल इतके मागे सरका. डोळा ते टिकली अंतर साधारण ५५ सेंटिमीटर भरेल, म्हणजे टिकलीच्या ११० पट. समरूप त्रिकोणांमुळे चंद्राचं अंतरही त्याच्या व्यासाच्या ११० पट. चंद्राचं अंतर ३,८४,४०० किलोमीटर; भागिले ११० म्हणजे जवळपास ३,४९५ किलोमीटर. खरा व्यास ३,४७४. कागदाच्या टिकलीला याहून जास्त काय मागणार!

सूर्याकडे मात्र असं बघायचं नाही, डोळे जातील. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याची प्रतिमा २ मीटरवरच्या कागदावर पाडा. ती १८-१९ मिलिमीटरची येते, गुणोत्तर १०८ च्या आसपास. सुमारे १५ कोटी किलोमीटरला त्याने भागा: १४ लाखांच्या जवळ.

अंतर माहीत नसेल तर? इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात ग्रीक खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅरिस्टार्कसने चंद्रग्रहणाचा आधार घेतला. चंद्रावर पडणारी पृथ्वीची सावली चंद्राच्या दुप्पट रुंद, असं त्याने धरलं. प्रत्यक्षात ती सुमारे २.७ पट असते. सावली तिथपर्यंत जाताना साधारण एका चंद्राच्या रुंदीने आकसते, म्हणून एक मिळवा. पृथ्वी चंद्राच्या ३.७ पट, म्हणजे पृथ्वीच्या व्यासावरून चंद्राचा व्यास मिळतो. ग्रहणाच्या फोटोत सावलीच्या कडेवर वर्तुळ बसवून हे पडताळता येतं.